हँक लुइसेटी

अँजेलो "हँक" लुइसेटी (१६ जून, १९१६:सान फ्रान्सिस्को, कॅलिफोर्निया, अमेरिका - १७ डिसेंबर, २००२:सान मटेओ, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडू होते. धावता धावता एका हाताने चेंडू बास्केटमध्ये टाकण्याची पद्धत त्यांच्यामुळे देशभर रूढ झाली.

इटालियन स्थलांतरित कुटुंबात जन्मलेल्या लुइसेटींचे शालेय शिक्षण सान फ्रान्सिस्कोच्या गॅलिलिओ हायस्कूलमध्ये झाले. पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून खेळले. १९३६ ते १९३८ अशी सलग तीन वर्षे स्टॅनफर्डने पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले.

खेळाची शैली

त्या काळी पाय जमिनीवर रोवून, दोन्ही हातांनी छातीजवळून चेंडू फेकणे हीच शिस्तशीर पद्धत मानली जाई. एका हाताने चेंडू टाकणे पूर्वेकडील नामवंत प्रशिक्षकांना उथळपणाचे वाटे. स्टॅनफर्डचे प्रशिक्षक जॉन बन यांनी मात्र लुइसेटींना त्यांच्या पद्धतीनेच खेळू दिले. ३० डिसेंबर, १९३६ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅनफर्डची गाठ लाँग आयलंड विद्यापीठाशी पडली. हा संघ सलग ४३ सामने जिंकून आला होता. स्टॅनफर्डने त्याला ४५-३१ असे हरवले. लुइसेटींचे गुण १५ होते. आज हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु प्रतिस्पर्धी संघाच्या एकूण गुणांच्या जवळजवळ निम्मे गुण त्यांनी एकट्याने केले होते. या सामन्यानंतर एका हाताने चेंडू टाकण्याची पद्धत सर्वत्र अनुकरली जाऊ लागली. १ जानेवारी, १९३८ रोजी क्लीव्हलँड येथे ड्युकेन विद्यापीठाविरुद्ध त्यांनी ५० गुण केले. तो सामना स्टॅनफर्डने ९२-२७ असा जिंकला.

लुइसेटींना जंप शॉटचे जनक म्हटले जाते, ते काटेकोर नाही. त्यांचा फटका धावत्या पावलांवरचा होता. थांबून, सरळ उडी घेऊन मारण्याचा फटका केनी सेलर्स आदी नंतरच्या खेळाडूंनी विकसित केला.

उत्तरायुष्य

१९३८मध्ये बेटी ग्रेबलसोबत कॅम्पस कन्फेशन्स या चित्रपटात भूमिका केल्यामुळे त्यांचा हौशी दर्जा एका वर्षासाठी काढून घेण्यात आला. त्यानंतर ते फिलिप्स ६६ या कंपनीच्या संघाकडून खेळले. दुसऱ्या महायुद्धात नौदलात असताना १९४४मध्ये त्यांना मेनिंजायटिस झाला आणि डॉक्टरांनी खेळण्यास कायमची मनाई केली. तेव्हा ते २८ वर्षांचे होते. पुढे एनबीएमध्ये परिणत झालेली व्यावसायिक लीग दोन वर्षांनी, १९४६मध्ये सुरू झाली. लुइसेटी व्यावसायिक बास्केटबॉल कधीच खेळले नाहीत.

तरीही १९५०मध्ये असोसिएटेड प्रेसच्या मतदानात अर्धशतकातील सर्वोत्तम बास्केटबॉल खेळाडूंमध्ये जॉर्ज मायकन यांच्या खालोखाल त्यांना स्थान मिळाले. १९५९मध्ये त्यांचा बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.