विमानातील मधला वर्ग

दिल्लीच्या दक्षिण भागात, आय.एन.ए.च्या बाजाराजवळ, लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत आहे. वसाहतीपासून जवळच सफदरजंगचा जुना विमानतळ पसरलेला दिसतो. इंग्रजी अमदानीत त्यास विलिंग्डन विमानतळ म्हणत. १९६२ साली प्रवासी विमानांची वाहतूक पालमला गेली आणि येथील धावपट्टी शांत झाली. आज लक्ष्मीबाई नगरातील माणसास परदेशी जावयाचे तर पालमचीच वाट धरावी लागते. पिंक लाइनच्या मेट्रोने दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस या स्थानकावर उतरून पुढे धौला कुआँवरून विमानतळाची गाडी पकडता येते. मराठी माणसाला त्या स्थानकाचे नाव वाचून चिंतामणराव देशमुखांची आठवण होते हे खरे. परंतु बरोबर दोन मोठ्या पेट्या असतील, तर आठवणीपेक्षा टॅक्सीच बरी.

ज्या राणीच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते, तिच्या झाशीत १८५८ च्या धामधुमीत विष्णुभट गोडसे नावाचा एक कोकणी ब्राह्मण अडकून पडला होता. घरचे कर्ज फेडण्याकरिता दक्षिणा मिळवावी, म्हणून तो पेणजवळच्या वरसईहून उत्तरेस निघाला होता. त्याचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. परतताना त्याने आईवडिलांकरिता गंगेची कावड आणली होती. त्या काळी मुलगा दूरदेशी जाऊन येई आणि आईवडील घरी वाट पाहत. आता मुले दूरदेशीच राहतात, आणि साठी-सत्तरीतल्या आईवडिलांना त्यांच्याकडे जावे लागते. लेक बाळंतपणासाठी माहेरी यावयाची, ही आपली जुनी रीत; आता माहेरच उठून लेकीकडे जाते.

वाचकहो, अशा एका घराची कल्पना करा. मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि लक्ष्मीबाई नगरात त्यास सरकारी घर मिळाले आहे. निवृत्त आईवडील त्याच्याजवळ राहतात. बहीण न्यू जर्सीत असून तिला दिवस गेले आहेत. आईचे गुडघे दुखतात. वडिलांना रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते. तिकिटे काढावयास बसले, की पडद्यावर भाड्याच्या तीन-चार ओळी येतात. सर्वांत खालची इकॉनॉमी. वरची बिझनेस, तिचा आकडा पाहून सारे घर हसते. या दोहोंच्या मध्ये एक ओळ असते, प्रीमियम इकॉनॉमीची. तिचे भाडे बहुधा इकॉनॉमीच्या दीडपट ते दुप्पट असते. दोघांचे जाणे-येणे धरले, तर फरकाची रक्कम निवृत्तिवेतनाच्या कित्येक महिन्यांइतकी होते. मुलगा म्हणतो, घ्या. आई म्हणते, एवढ्या पैशात बाळाला काय काय घेता येईल! दोघांचेही म्हणणे खोटे नाही, आणि म्हणूनच त्या पैशांत नेमके काय मिळते हे नीट पाहून घेणे आवश्यक आहे.

मधला वर्ग ही कल्पना आपणांस नवी नाही. आगगाडीत एके काळी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या मध्ये इंटर क्लास असे. तिसऱ्यातली गर्दी सोसवत नाही आणि दुसऱ्याचे भाडे झेपत नाही, अशा कारकून, शिक्षक व छोटे व्यापारी मंडळींचा तो डबा होता. १९५५ साली रेल्वेच्या वर्गांची फेररचना झाली, तेव्हा त्या डब्याचे नाव गेले. १९७४ मध्ये तिसरा वर्गही नावापुरता नाहीसा झाला. पुढे वातानुकूलित थ्री टियर आला आणि मध्यमवर्गाला पुन्हा आपला डबा मिळाला.

विमानात हा मधला डबा यावयास बराच काळ लागला. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा विमानप्रवास ही राजेरजवाड्यांची आणि बड्या लोकांचीच बाब होती. अटलांटिकवर टुरिस्ट वर्ग १९५२ साली सुरू झाला व इकॉनॉमी वर्ग १९५८ साली. बिझनेस वर्ग त्याच्याही वीस वर्षांनंतरचा. आरंभी तो साध्या वर्गाहून फार निराळा नव्हता; आसन थोडे मोठे, जेवण थोडे बरे, इतकेच. परंतु कंपन्यांच्या खर्चाने फिरणाऱ्या प्रवाशांसाठी चढाओढ लागली, आणि २००० साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेस वर्गात चक्क सपाट पलंग दिला. वरचा वर्ग असा उंच गेल्यावर खालच्या वर्गापासून त्याचे अंतर फार वाढले. ती पोकळी मधल्या वर्गाने भरली. तैवानच्या ईव्हा एअरने १९९१ साली आणि इंग्लंडच्या व्हर्जिन अटलांटिकने १९९२ साली असा वर्ग सुरू केला होता. २००० नंतर तो सर्वत्र दिसू लागला. भारतीय विमानांत तो प्रथम आणला विस्ताराने, २०१५ मध्ये, आणि तोही देशांतर्गत प्रवासात. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. दरम्यान एअर इंडियाने स्वतःच्या लांब पल्ल्याच्या काही विमानांत २०२३ पासून हा वर्ग ठेवावयास आरंभ केला होता.

आता आसनाकडे वळू. इकॉनॉमीत एका आसनाच्या पाठीपासून पुढच्या आसनाच्या पाठीपर्यंतचे अंतर साधारण ३१-३२ इंच असते. मधल्या वर्गात ते ३८ इंचांच्या आसपास असते. सहा-सात इंच म्हणजे वीतभरही नव्हे. पण ही वीत गुडघ्यांपुढची आहे. पुढच्या माणसाने पाठ मागे टाकली, तरी जेवणाचे ताट छातीशी येत नाही. आतल्या प्रवाशाला बाहेर जावयाचे असेल, तर दर वेळी शेजाऱ्याला उठवावे लागतेच असे नाही. रुंदी दीड-दोन इंचांनी जास्त. पाठ अधिक कलते आणि पोटऱ्यांखाली किंवा पावलांखाली आधार असतो. एका ओळीत माणसेही कमी असतात. एअर इंडियाच्या ए-३५० विमानात इकॉनॉमीत नऊ जण एका ओळीत बसतात, तर मधल्या वर्गात आठ: खिडकीशी दोन, मध्ये चार, पुन्हा खिडकीशी दोन. नवराबायकोसाठी खिडकीची ही जोडी फार सोयीची. मध्ये तिसरा परका माणूस नसतो, आणि वडिलांना रात्री तीनदा उठावे लागले, तरी संकोच वाटत नाही.

या जागा थोड्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. त्याच विमानात एकूण ३१६ आसनांपैकी मधल्या वर्गाची अवघी २४ आहेत. बाळंतपणाची तारीख डॉक्टर आधीच सांगतात. तेव्हा जावयाचेच असेल, तर तिकिटासाठी शेवटच्या महिन्याची वाट पाहू नये.

या वर्गात काय मिळत नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. येथे पलंग नसतो. माणूस बसल्या बसल्याच झोपतो. फक्त थोडा बरा झोपतो. बऱ्याच विमानांत या आसनांचे हात पक्के बसवलेले असतात, कारण ताट त्यांच्यातच दुमडून ठेवलेले असते. त्यामुळे शेजारची जागा रिकामी असली, तरी तिच्यावर आडवे होता येत नाही. इकॉनॉमीत नशिबाने रिकामी ओळ मिळाली, तर तेथला प्रवासी या प्रवाशापेक्षा सुखी! अन्न थोडे बऱ्या भांड्यांत येते. हवाई सुंदरी थोडी अधिक वेळा विचारपूस करते. या दोन गोष्टींसाठी निवृत्तिवेतन मोडावे, असे मला वाटत नाही.

हवा तर सर्व वर्गांना एकच. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडत असले, तरी आतील हवेचा दाब कृत्रिम रीतीने राखलेला असतो. जुन्या धाटणीच्या विमानांत तो ८,००० फुटांवरील हवेइतका विरळ असू शकतो, म्हणजे शिमल्याहूनही उंचावर बसल्यासारखे. ए-३५० किंवा ७८७ यांसारख्या नव्या विमानांत तो ६,००० फुटांच्या जवळ ठेवतात, म्हणजे मसुरीच्या थोडे खाली. हवा फार कोरडी असते. घसा व डोळे सुकतात. वृद्ध माणसाच्या दृष्टीने कोणत्या वर्गात बसतो याइतकेच कोणत्या विमानात बसतो हेही महत्त्वाचे आहे, आणि विमानाचे नाव तिकीट काढतानाच पाहता येते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच निघू नये.

आणि पाय! हा विषय सर्वांत महत्त्वाचा. तासन्तास पाय लोंबते ठेवून बसले, की पोटरीचे स्नायू स्वस्थ राहतात. एरव्ही चालताना हेच स्नायू आवळून खालचे रक्त वर ढकलतात. ते थांबले, की पाय सुजतात, आणि क्वचित प्रसंगी खोल शिरेत रक्ताची गाठ धरते. ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे, चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो. तथापि मुळात तो लहान आहे: सुमारे ६,००० निरोगी प्रवाशांत एकास. वाढते वय, लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग, पूर्वी झालेली गाठ, यांनी तो वाढतो. या विकारास ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले आणि त्यामुळे एक गैरसमज पसरला, की वरच्या वर्गाचे तिकीट घेतले म्हणजे गाठीपासून सुटका. तसे नाही. बस, मोटार, आगगाडी यांतही हा धोका असतो. खिडकीशी बसणारे कमी उठतात, म्हणून त्यांना तो अधिक. प्रीमियम इकॉनॉमीत पाय पसरून आठ तास निश्चल झोपलेल्या माणसापेक्षा इकॉनॉमीत वाटेलगत बसून दर दोन तासांनी फेरी मारणारा अधिक सुरक्षित. म्हणून खिडकीच्या जोडीत बसावयाचे झाले, तरी ज्याच्या पायांना त्रास आहे त्याने वाटेकडची जागा घ्यावी. बसल्या बसल्या घोटे फिरवावे, टाचा उचलाव्या, पाणी पीत राहावे. डॉक्टरांनी सांगितले असल्यास पोटरीपर्यंत येणारे घट्ट मोजे, योग्य मापाचे, घालावे. या मोज्यांची किंमत भाड्याच्या फरकापुढे नगण्य आहे.

मग आपल्या कल्पनेतील घराने काय करावे? दिल्लीहून न्यूयॉर्कचा थेट प्रवास पंधरा-सोळा तासांचा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा ही वाट आणखी लांबली आणि अमेरिकेची काही विमाने मध्येच युरोपात इंधनासाठी उतरू लागली. अशा प्रवासात गुडघ्यांपुढची ती वीत फार उपयोगी पडते. दुबई किंवा सिंगापूरसाठी मात्र मी तो खर्च करू देणार नाही; चार-सहा तास कोणीही काढतो.

सरकारचा नियम येथे मार्गदर्शक होत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये ठरलेल्या नियमांत परदेशी सरकारी दौऱ्यासाठी वेतनस्तर १३ पर्यंतच्यांना इकॉनॉमी, १४ ते १६ यांना बिझनेस आणि १७ पासून पुढे पहिला वर्ग अशा पायऱ्या होत्या. मधल्या वर्गाची पायरी त्यांत नव्हती. हा वर्ग मुख्यतः स्वतःच्या खिशातून भाडे भरणारांचा आहे, आणि म्हणूनच त्याचा हिशेब घरातच व्हावयाचा.

माझे मत विचाराल, तर दोन्ही फेऱ्यांचा खर्च झेपत नसेल तेव्हा जाण्याच्या फेरीला मधला वर्ग घ्यावा व परतीस इकॉनॉमी. दिल्लीहून अमेरिकेस जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर निघतात. आई सकाळपासून पेट्या बांधीत, मेतकूट-भाजणी-डिंकाचे लाडू भरीत उभी असते, आणि उतरल्यावर तिला ओल्या बाळंतिणीच्या घरात कामाला लागावयाचे असते. परतताना मात्र घरी येऊन आठ दिवस पडून राहिले, तरी कोणाचे अडत नाही. काही घरे काटकसर म्हणून एकाला पुढे आणि एकाला मागे बसवतात. इंग्रजी न बोलणाऱ्या, प्रथमच जाणाऱ्या आईला एकटीला पुढे बसवून तिचे सुख वाढत नाही. त्यापेक्षा दोघांनी इकॉनॉमीत बसावे आणि थोडे पैसे भरून वाटेलगतच्या जागा आधी ठरवून घ्याव्या.

चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागावी. ती कोणत्याही वर्गात मागता येते आणि तिच्यात लाजण्याचे कारण नाही. सामानाची मर्यादा वर्गावर व तिकिटाच्या प्रकारावर बदलते, ती वाचून घ्यावी. औषधे, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. अमेरिकेत उतरताना जवळचे खाद्यपदार्थ विचारले जातात. लाडू आहेत, भाजणी आहे, असे सरळ सांगावे. आणि विमानात चढण्यापूर्वी खिडकीवर एकदा विचारून पाहावे. मधल्या वर्गात जागा उरली असेल, तर काही कंपन्या ती त्या वेळी कमी फरकात देतात. मिळाली तर आईला विचारीत बसू नये, पैसे भरून मोकळे व्हावे.