विश्लेषण : ट्यून केलेली ‘एम३४०आय’ ट्रॅकवर ‘एम३’ची बरोबरी करेल का?

बीएमडब्ल्यूची एम३४०आय ३७४ अश्वशक्तीची आहे, तर एम३ किमान ४८० अश्वशक्तीची. केवळ सॉफ्टवेअर बदलून एम३४०आय साडेचारशेच्या पुढे नेतो, असे ट्यूनर सांगतात. फरक इतका कमी होत असेल, तर एम३साठी जादा पैसे कशाला मोजायचे? याचे उत्तर अश्वशक्तीत नाही, उष्णतेत आहे.

रीमॅप म्हणजे नेमके काय?

टर्बोचा दाब किती, इंधन किती आणि ठिणगी कधी, हे इंजिनचा संगणक म्हणजे ईसीयू ठरवतो. रीमॅपमध्ये ही गणिते बदलून ताकद वाढवली जाते. रस्त्यावर ही ताकद काही सेकंदच लागते. ट्रॅकवर मात्र ती सलग १५-२० मिनिटे लागते. इंजिनात जाणारी हवा तापली की ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी स्वतःच ताकद कमी करतो. पहिल्या लॅपला मिळालेला जोर पाचव्या लॅपला मिळेलच असे नाही.

ब्रेकचे गणित काय सांगते?

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा आहे. समजा, त्याच्या शेवटी १,७०० किलोची गाडी ताशी २०० किमीवरून ८०वर आणायची आहे. त्यासाठी सुमारे २२ लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत साडेसात लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. यातला बहुतांश भार ब्रेकवर पडतो, तोही प्रत्येक लॅपला. ट्यूनिंगमुळे वेग २०० ऐवजी २२० झाला, तर ही ऊर्जा १० नव्हे, २५ टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेक मात्र तेच राहतात. ब्रेक ऑइल उकळले की पेडल मऊ पडते आणि गाडी थांबत नाही.

एम३मध्ये वेगळे काय?

पुढे ३८० मिमीच्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर आहेत. एम३४०आयला पुढे चार पिस्टन मिळतात. एम३ला ट्रॅकचा विचार करून जादा रेडिएटर दिले आहेत. तिचा ऑइल सम्प दोन कप्प्यांचा असल्याने जोरदार वळणातही इंजिनला तेल मिळत राहते.

मग ट्यूनिंग करूच नये का?

तसे नाही. वर्षातून एक-दोनदाच ट्रॅकवर जाणाऱ्याला एम३४०आय पुरेशी आहे. फक्त खर्चाचा क्रम बदलावा : आधी ट्रॅकसाठीचे ब्रेक पॅड, उच्च उत्कलनबिंदूचे ताजे ब्रेक ऑइल आणि चांगले टायर, सॉफ्टवेअर सर्वात शेवटी. एक लॅप जोरात मारल्यावर पुढची गाडी थंड करण्यासाठी ठेवावी.

विमा आणि वॉरंटीचे काय?

रीमॅपमुळे इंजिन बिघडल्यास कंपनी वॉरंटी नाकारू शकते. केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. शिवाय भारतातील नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. त्यामुळे गाडी ट्यून केलेली असो वा एम३, ट्रॅकवर ती भिंतीला धडकली तर दुरुस्तीचा खर्च बहुधा मालकाच्याच खिशातून जातो. ट्रॅकवर जाण्याआधी पॉलिसीतील ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम जरूर वाचावे.