निवडुंगाचे दोन लाल

विदर्भात शेताच्या बांधाला ‘धुरा’ म्हणतात. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडील आर्वी, कारंजा, आष्टी या तालुक्यांत, जेथे काळी माती विरळ होऊन मुरूम वर येतो, तेथील धुऱ्यांवर फड्या निवडुंग आजही उभा दिसतो. बँकेच्या सेवेत असताना पीककर्जाच्या पाहणीसाठी या भागात अनेक वर्षे हिंडणे झाले. तेथील कास्तकार या वनस्पतीकडे केवळ फुकटचे कुंपण म्हणून पाहतात. पाणी घालावे लागत नाही, राखण करावी लागत नाही आणि ढोरे आत शिरत नाहीत, एवढे त्यांना पुरे असते. परंतु भर उन्हाळ्यात, आजूबाजूचे गवत करपून गेलेले असताना, याच काटेरी फड्यांच्या कडांवर पिवळी किंवा नारिंगी छटेची, रेशमासारखी तलम पाकळ्यांची फुले उमलतात. फुलाच्या मध्यभागी पुंकेसरांची दाट गर्दी असते. त्या पुंकेसरांना गवताच्या काडीने हलकेच स्पर्श केला, की ते हळूहळू आतल्या बाजूस वळतात. मधमाशी आत शिरली म्हणजे तिच्या अंगाला पराग लागावा, अशी ही योजना आहे. वाचकांनी संधी मिळाल्यास हे अवश्य पाहावे. मात्र काडी लांब असावी, कारण निवडुंगाचे मोठे काटे दिसतात तितके त्रासदायक नसतात. त्रास देते ती त्यांच्या बुडाशी असलेली केसांसारखी बारीक कुसे. ती कातडीत शिरली, की दोन-दोन दिवस निघत नाहीत.

आपण ज्याला पान समजतो ती फडी वस्तुतः खोड आहे, आणि पानांचे काटे झालेले आहेत. पानांवाटे पाणी उडून जाते, म्हणून पानेच ठेवावयाची नाहीत, असा हा काटकसरीचा हिशेब. दुसरी काटकसर याहून विलक्षण आहे. बहुतेक झाडे दिवसा आपली सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात. निवडुंग ती रात्री उघडतो, कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी छिद्रे बंद ठेवून सूर्यप्रकाशात अन्न तयार करतो. वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तो तग धरून राहतो, त्याचे रहस्य हेच.

एवढे असूनही हा आपला नव्हे. कॅक्टस कुळात सुमारे अठराशे जाती आहेत. बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या डोंगरांतील खडकांच्या फटीत वाढणाऱ्या जेमतेम एक सेंटीमीटरच्या ब्लॉसफेल्डियापासून मेक्सिकोतील झाडाएवढ्या उंच जातींपर्यंत या सर्वांचे मूळ घर अमेरिका खंड हेच आहे. यास एकच अपवाद आहे. ऱ्हिप्सालिस नावाची लहानशी, झाडांवरून लोंबणारी जात आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंका येथेही निसर्गतः आढळते. फड्या निवडुंग मात्र युरोपीय गलबतांबरोबर आपल्याकडे आला. पुण्याच्या निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली अशी आख्यायिका आहे. परक्या वनस्पतीने येथे किती लवकर आपलेपण मिळविले, हे त्यावरून कळते.

येथे आपल्या घरांतील एका प्रश्नाचा उलगडा करणे आवश्यक वाटते. बत्तीस अनंतकायांच्या यादीत ‘थोर’ येतो, आणि अनेक घरांत तो म्हणजे हाच फड्या निवडुंग असे समजले जाते. ती यादी जुनी आहे आणि फड्या त्या मानाने अगदी अलीकडचा पाहुणा. यादीतील थोर म्हणजे तोडल्यावर पांढरा चीक येणारा, संस्कृतात ज्याला स्नुही म्हणतात तो, युफोर्बिया कुळातील. फड्या मोडला असता चीक येत नाही, पाणचट बुळबुळीत रस येतो. दोघांची कुळे भिन्न असून रखरखीत जागी राहण्याच्या सवयीमुळे रूप तेवढे सारखे झाले आहे. फड्याचे फळ खावे की न खावे, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून करावा. माझा मुद्दा फक्त ओळखीपुरता आहे.

आता त्या फळाकडे वळू. फूल गळल्यावर खालचे बोंड फुगते आणि पिकल्यावर गर्द जांभळट लाल होते. गुरे राखणारी मुले ते दगडावर घासून, कुसे काढून खातात आणि दिवसभर लाल ओठांनी हिंडतात. गुजरातेत याच फळाला ‘फिंडला’ म्हणतात, आणि त्याचे सरबत बाटल्यांतून विकले जाते. हा लाल रंग बीटातील लाल रंगाच्याच जातीचा, म्हणजे संपूर्णपणे वनस्पतीचा आहे. निवडुंगाचा हा पहिला लाल.

दुसरा लाल त्याच फडीवर असतो. परंतु तो झाडाचा नव्हे. काही फड्यांवर कापसाचे पुंजके चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. पाहणारा त्यास बुरशी समजतो. तो पुंजका काडीने दाबला, तर रक्तासारखा लाल डाग उमटतो. ते कोचिनील नावाच्या किड्याचे घर असते. मादी एकदा का सोंड खुपसून बसली, की जन्मभर जागा सोडत नाही, म्हणून ती निर्जीव भासते. परंतु तिची पिले चालतात, हिंडतात आणि वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावर जातात. ती त्रस जीव आहे याविषयी शंका नको. स्वतःच्या रक्षणासाठी ती शरीरात जे आम्ल साठविते, तोच जगातील सर्वांत नामांकित तांबडा रंग.

मेक्सिकोतील लोक हा रंग स्पॅनिश येण्यापूर्वीपासून काढीत होते. स्पेनने तो युरोपात नेला आणि त्याचे गुपित दोन शतकांहून अधिक काळ जपले. लोकर आणि रेशीम यांवर तो असा बसतो, की इंग्रज सेनाधिकाऱ्यांचे लाल कोट त्यातच रंगविले जात. सुती कापडासाठी आपल्याकडे मंजिष्ठा होती. वऱ्हाड आणि मध्य भारतात आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून तांबडा रंग काढीत. ईस्ट इंडिया कंपनीला मात्र स्पेनच्या मक्तेदारीला शह द्यावयाचा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बागच उभारली. कंपनीने खरा किडा हिंदुस्थानात आणणाऱ्यास दोन हजार पौंडांचे इनाम लावले होते. १७९५ साली कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलहून किडे बंगालमध्ये आणले. ते निघाले रानटी जातीचे. रंग हलका मिळाला आणि व्यापार फसला.

किडे मात्र येथे राहिले. त्यांनी त्या काळी माजलेली निवडुंगाची एक जात उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून जवळजवळ नाहीशी केली. पुढे ते मुद्दाम दक्षिणेत आणि १८६५ च्या सुमारास श्रीलंकेत नेण्यात आले. तणाच्या नाशासाठी त्याचा नैसर्गिक शत्रू एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचे हे जगातील पहिले यशस्वी उदाहरण मानले जाते. दुसरी, पिवळ्या फुलांची जात याला दाद देईना, म्हणून १९२६ साली निराळा किडा आणला गेला आणि दक्षिणेतील हजारो एकर जमीन मोकळी झाली. ऑस्ट्रेलियात तर सहा कोटी एकरांवर निवडुंग पसरला होता. तेथे अर्जेंटिनाहून आणलेल्या पतंगाच्या अळ्यांनी तो आटोक्यात आणला आणि कृतज्ञ शेतकऱ्यांनी क्वीन्सलंडमध्ये त्या पतंगाच्या स्मरणार्थ सभागृह बांधले. एका जीवाला दुसऱ्यावर सोडून देण्याच्या या व्यवहाराकडे कोणी कसे पाहावे, हा विचार करण्याजोगा विषय आहे. पेरणीची जमीन गमावून बसलेल्या शेतकऱ्याला दोष देण्यास माझे मन धजत नाही. निवडुंग येथे आणणाऱ्याने मात्र आधी विचार करावयास हवा होता.

एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग निघाले आणि कोचिनीलचा बाजार बसला. तो पुन्हा उठला तो खाद्यपदार्थांमुळे. काही कृत्रिम रंग आरोग्यास अपायकारक ठरू लागले, ‘नैसर्गिक रंग’ या शब्दांना भाव आला, आणि पेरू देशात निवडुंगाच्या शेतीवर हे किडे पुन्हा मोठ्या प्रमाणात वाढविले जाऊ लागले. माद्या खरवडून काढतात, उकळत्या पाण्यात, वाफेत किंवा उन्हात मारून वाळवितात. एक किलो वाळलेल्या मालासाठी लाखाहून अधिक जीव लागतात. परदेशात दही, आइस्क्रीम, गोळ्या, सरबते यांत हा रंग असतो; ओठांच्या लालीत तर सर्रास असतो.

येथे जुन्या खातेवह्या तपासण्याची माझी सवय कामी आली. वेष्टनावरील आकडे नीट वाचले, तर बराच गोंधळ दूर होतो. १२० हा क्रमांक कोचिनील किंवा कार्माइनचा, म्हणजे किड्याचा. सौंदर्यप्रसाधनांवर तोच ‘सीआय ७५४७०’ या क्रमांकाने येतो. १२२ म्हणजे कार्मोइसिन. नाव जवळचे, पण हा कारखान्यात बनविलेला रंग असून त्यात किडा नाही. १२४ चे एक नाव तर चक्क ‘कोचिनील रेड ए’ असे आहे, तरी तोही कृत्रिमच. १३२, इंडिगो कार्माइन, निळा आणि कृत्रिम. हे तिन्ही रंग आरोग्याच्या दृष्टीने चांगले की वाईट, हा प्रश्न निराळा. जीवहिंसेच्या दृष्टीने त्यांच्यावर येणारा संशय मात्र केवळ नामसाम्यामुळे आहे. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांनी तेथे गेल्यावर हिरवा ठिपका शोधू नये. तेथे तशी पद्धत नाही. परंतु २०११ पासून तेथे कार्माइन किंवा कोचिनील ही नावे वेष्टनावर स्पष्ट छापणे बंधनकारक आहे. २०१२ साली स्टारबक्स या कॉफीच्या साखळी दुकानांनी आपल्या स्ट्रॉबेरीच्या पेयांत हा रंग असल्याचे उघड झाल्यावर, ग्राहकांच्या नापसंतीमुळे तो काढून टोमॅटोपासून मिळणारा रंग वापरावयास आरंभ केला. ग्राहकाने विचारले, तर फरक पडतो.

आपल्याकडील हिरव्या ठिपक्याविषयीही थोडे सांगणे भाग आहे. मांसाहारी अन्नाच्या कायदेशीर व्याख्येत कीटकांचा समावेश आहे, हे समाधानकारक आहे. परंतु त्याच व्याख्येतून दुधाबरोबर मध, मधमाशांचे मेण आणि शेलॅक हे पदार्थ वगळलेले आहेत. शेलॅक म्हणजे लाख. पळस-कुसुमाच्या फांद्यांवर राहणाऱ्या, कोचिनीलच्याच दूरच्या नात्यातील किड्यांचा हा स्राव आहे. चकचकीत गोळ्या, चॉकलेटचे दाणे, काही औषधी गोळ्या आणि आयात केलेली काही फळे यांवर त्याचा मुलामा असतो, क्रमांक ९०४. म्हणजे मध आणि लाख असूनही ठिपका हिरवा राहू शकतो. कायद्याचा शाकाहार आणि आपला आहार यांच्या सीमा नेमक्या जुळत नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. कार्माइन टाळून कोणी ‘बीटरूट रेड’ म्हणजे १६२ घेतला, तर किडा टळला. पण बीट हे कंदमूळ आहे, आणि ज्यांचा कंदमूळाचा त्याग आहे त्यांची अडचण कायम राहते. पावडरीच्या रूपात आलेला रंग कंदमूळ मानावा काय, यावर आमच्या वर्ध्याच्या घरी दोन मते आहेत. सौभाग्यवतींच्या मते मानावा, आणि स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात असल्याने आमच्याकडे तोच निर्णय लागू आहे. श्रीखंडाला केशर, मुलांच्या सरबताला कोकम किंवा डाळिंब, एवढ्यावर आमचे भागते.

निवडुंगाच्या बोंडांचा रंग हा त्यावर एक पर्याय होऊ शकतो. तो जमिनीच्या वर येतो, त्याचे तत्त्व बीटातल्यासारखेच आहे, आणि पडीक मुरमाड जमिनीवर पाण्यावाचून मिळतो. जेथे हमखास पीक येत नाही अशा धुऱ्यांवरून कास्तकाराला चार पैसे मिळाले, तर वाईट काय? अडचणी आहेतच. कुसे काढणे जिकिरीचे, बिया कठीण, आणि हा रंग उष्णतेने फिका पडतो, त्यामुळे शिजविण्याच्या पदार्थांना उपयोगी नाही. थंड सरबताला मात्र उत्तम. आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. बोंडे तोडताना फडीवर पांढरे पुंजके असतील, तर त्या झाडाची फळे घेऊ नयेत. तेथे दोन्ही लाल एकत्र आलेले असतात. रस नेहमीप्रमाणे गाळूनच घ्यावा, पण दुहेरी कपड्यातून, कारण एकेरी कपड्यातून कुसे सुटतात आणि घशाला लागतात.