विद्युतधारा घनता : संकल्पना आणि अध्यापन

प्रस्तावना :
पदवीच्या प्रथम वर्षातील विद्यार्थी 'विद्युतधारा' व 'धारा घनता' या दोन राशी पुष्कळदा एकच समजतात. सूत्र पाठ असते. परंतु तार मध्येच बारीक झाल्यास काय बदलते, या प्रश्नावर 'तेथे धारा कमी होते' असे उत्तर येते. हा गैरसमज दूर करण्यासाठी सोनिवली-बदलापूर परिसरातील विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची लोकलगाडी उपयुक्त ठरते.

संकल्पना :
काटछेदातून एका सेकंदात वाहणारा प्रभार म्हणजे विद्युतधारा (I). ही अदिश राशी होय. धारेच्या दिशेला लंब असलेल्या एकक क्षेत्रफळातून जाणारी धारा म्हणजे धारा घनता (J). ही सदिश राशी असून वाहकातील प्रत्येक बिंदूशी निगडित असते. वितरण एकसमान असेल तेव्हाच J = I/A असे लिहिता येते. स्थिर धारा एकसर जोडणीत सर्वत्र सारखीच राहते. काटछेद निम्मा झाल्यास धारा घनता दुप्पट होते आणि एकक आकारमानात निर्माण होणारी उष्णता (ρJ²) चौपट होते.

उदाहरण :
मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विद्युत रेल्वे सुरू झाली ती १५०० व्होल्ट एकदिश दाबावर. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रणालीत रूपांतर २०१६ मध्ये पूर्ण झाले. गाडीला ३ मेगावॅट शक्ती लागते असे मानू व शक्तिगुणक १ धरू. जुन्या दाबावर २००० अँपिअर, तर नव्या दाबावर केवळ १२० अँपिअर धारा लागेल. नव्या प्रणालीतील तांब्याच्या संपर्कतारेचा काटछेद १०७ चौरस मिलिमीटर असतो. सर्व धारा या एकाच तारेतून जाते असे तुलनेपुरते मानल्यास धारा घनता अनुक्रमे सुमारे १८.७ व १.१ अँपिअर प्रति चौरस मिलिमीटर येते. दर मीटर तारेत निर्माण होणारी उष्णता पहिल्या स्थितीत सुमारे ६३५ वॅट, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे २.३ वॅट असेल. म्हणूनच जुन्या प्रणालीत अधिक जाड तारा व जवळजवळ उपकेंद्रे आवश्यक होती. ५० हर्ट्झ वारंवारतेला तांब्यातील त्वचा-खोली सुमारे ९ मिलिमीटर, तर या तारेची त्रिज्या सुमारे ६ मिलिमीटर असते. त्यामुळे वितरण जवळपास एकसमान मानणे येथे योग्य ठरते.

अध्यापनातील उपयोग :
J = nev या संबंधावरून १८.७ अँपिअर प्रति चौरस मिलिमीटर घनतेलाही इलेक्ट्रॉनांचा सरासरी सरकण्याचा वेग सेकंदाला जेमतेम १.४ मिलिमीटर येतो. गाडी तत्काळ सुरू होते ती इलेक्ट्रॉन उपकेंद्रातून धावत येतात म्हणून नव्हे, तर विद्युतक्षेत्र तारेच्या बाजूने अत्यंत वेगाने प्रस्थापित होते म्हणून, हे येथे स्पष्ट करता येते. घरातील सैल प्लग का तापतो, याचा उलगडाही याच विचाराने होतो : धारा तीच, परंतु प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्रफळ अत्यल्प.

समारोप :
'किती धारा' या प्रश्नासोबत 'किती क्षेत्रफळातून' हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, की सूत्राला अर्थ प्राप्त होतो. तारेची निवड, वितळतार आणि विद्युत सुरक्षितता हे विषय मग स्वतंत्रपणे पाठ करावे लागत नाहीत.