धापा टाकणारे लॉनमोअर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॉनमोअरचे इंजिन नीट चालत नसेल, तर ते दोन वेगळ्या तऱ्हांनी बिघडलेले असू शकते. या दोन तऱ्हांची गल्लत झाली की पुढचे सगळे उपाय चुकतात. पहिली तऱ्हा धापा टाकण्याची: आवाज चढतो, बसतो, पुन्हा चढतो, आणि हे दर काही सेकंदांनी मोजून केल्यासारखे होत राहते. दुसरी तऱ्हा मिसिंगची: मधेच ठोका चुकतो, कधी एक, कधी लागोपाठ चार, आणि त्याला ताल नसतो. चढउतार तालात असेल तर तपास पेट्रोल आणि हवेच्या वाटेने करायचा, बेताल असेल तर आधी ठिणगीच्या वाटेने.

समुद्राकाठच्या किहीम गावी नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये उभ्या राहिलेल्या बंगल्यांच्या हिरवळीवर पहिली तऱ्हा जास्त संभवते. मालक मुंबईत, घर शनिवार-रविवारपुरते उघडे, आणि मशीनला खरे काम जून ते सप्टेंबर. थंडी-उन्हाळ्यात ते शेडमध्ये पडून राहते. पहिल्या पावसानंतर गवत तरारून येते, मशीन बाहेर निघते, दोरी ओढल्यावर सुरूही होते आणि लगेच धापा टाकू लागते. मग प्लग बदलला जातो. फरक पडत नाही, कारण प्लगचा त्यात सहसा दोष नसतो. खराब प्लग ठोका चुकवतो. तो वेग ठेक्यात चढवू-उतरवू शकत नाही.

दुसरा संशय गव्हर्नरवर जातो, कारण धाप लागली की त्याची दांडी डोळ्यांसमोर पुढेमागे हलताना दिसते. प्रत्यक्षात गव्हर्नर आपले काम चोख करत असतो. एका बाजूने स्प्रिंग थ्रॉटल उघडायला ओढते, दुसऱ्या बाजूने इंजिनाबरोबर फिरणारी वजने किंवा पंख्याच्या वाऱ्याने हलणारी पट्टी तो मिटवायला ढकलते. या दोघांच्या तोलातून वेग ठरतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडले की वेग घसरतो, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, जास्त मिश्रण आत येते आणि वेग हवा त्यापेक्षा वर जातो. मग गव्हर्नर थ्रॉटल मिटवतो, पुन्हा पेट्रोल तुटते, वेग पुन्हा घसरतो. हलणारी दांडी म्हणजे उपासमारीची खूण आहे. तरीही स्प्रिंग ताणून किंवा तारेने दांडी बांधून आवाज एकसारखा करण्याचा मोह होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. 50 सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 280 किलोमीटर असतो. गव्हर्नर बांधला की हा वेग रोखणारे काहीच उरत नाही.

चोक थोडा ओढला की मशीन सुरळीत चालते, म्हणून ते तसेच चालवत राहणे हा आणखी एक गैरसमज. चोक हवा कमी करतो. हवा कमी केल्याने धाप थांबत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जादा आहे हे सिद्ध झाले. चोकने एवढे निदान होते, इलाज होत नाही. याहून नेमकी खूण भाराखाली मिळते. मोकळे असताना धापा टाकणारे इंजिन गवतात घातल्यावर सुधारत असेल, तर कारब्युरेटरचा पायलट जेट (मोकळ्या चालीचे पेट्रोल सोडणारे बारीक भोक) तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. मोकळे नीट चालून दाट गवतात मान टाकत असेल, तर मेन जेट (भाराखालचे पेट्रोल सोडणारे भोक) किंवा टाकीपासून येणारी वाट पाहावी. जेट स्वच्छ असूनही धाप कायम राहिली तर कारब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधले गॅस्केट तपासावे. मेकॅनिक ‘एअर घेतंय’ म्हणतात ते बहुधा याच सांध्याबद्दल.

टाकीत पेट्रोल आहे म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नाही, ही समजूत किहीमसारख्या ठिकाणी सर्वांत महागात पडते. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट थर बनतो. पायलट जेटचे भोक बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. ते बंद व्हायला उन्हाळ्याचे दोन-तीन महिने पुरतात. त्यात इथेनॉलची भर पडली आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल 2023 पासून पंपांवर येऊ लागले आणि 2025 पर्यंत सर्रास झाले. कितीतरी लहान इंजिनांच्या माहितीपुस्तिकांत मात्र 10 टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून तेच मिश्रण थोडे अधिक विरळ जाते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि जेट नेमका तळातूनच ओढतो. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत कारब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, म्हणजे फ्लोट बाऊलच्या, तळाशी पांढरी भुकटीही धरते. ती धातूच्या गंजाची असते. इंजिन गार असताना, आसपास विस्तव नसल्याची खात्री करून बाऊलमधले पेट्रोल काचेच्या बरणीत काढले, तर दोन थर किंवा ही भुकटी डोळ्यांना दिसते. ही पाच मिनिटांची तपासणी नव्या प्लगच्या आधी व्हायला हवी.

तुंबलेला जेट सुईने किंवा तारेने टोचून मोकळा करू नये. जेट पितळेचा, मऊ असतो; पोलादी टोकाने भोक वाढते किंवा अंडाकृती होते आणि मिश्रण कायमचे बिघडते. कारब्युरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरते. फारच घट्ट बसले असेल तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस. एअर फिल्टर काढून टाकल्याने इंजिन ‘मोकळा श्वास’ घेते, हेही खरे नाही. तुंबलेल्या फिल्टरने मिश्रण दाट होते आणि काळा धूर येतो. धापा विरळ मिश्रणाच्या असतात, म्हणून फिल्टर काढला की त्या वाढतातच. वर किहीमची बारीक वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते.

इंजिन पंधरा-वीस मिनिटे छान चालून मग आचके देत बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण पाहावे. त्यातल्या बारीक छिद्रातून हवा आत आली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. मशीन पडून असताना कुंभारमाशीने चिखल भरलेला असू शकतो. झाकण सैल करताच इंजिन सावरले तर दोष सापडला.

टू स्ट्रोक ब्रश कटरमध्ये ऑइल सढळ हाताने घालण्याची सवयही धाप वाढवते. 50 ला 1 प्रमाण म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर. जादा ऑइलने पेट्रोलची जागा अडते, जेटमधून पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण विरळ होते. चार स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचेच नसते.

पाते झावळीच्या देठाला, नारळाला किंवा जांभ्याच्या दगडाला आपटल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल, तर कारब्युरेटर खोलून उपयोग नाही. फ्लायव्हीलची चावी मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. धक्क्याने ती कातरली जाते आणि ठिणगीची वेळ सरकते. दोरी हाताला हिसका देते, इंजिन फटाके मारते. वाकलेल्या पात्याने मशीन थरथरते, तोही इंजिनाचा दोष नव्हे. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढणे बंधनकारक समजावे.

आणि भर पावसात, ओल्या, घोटाभर गवतात मशीन दबत असेल तर ते बिघडलेलेच नसते. एका वेळी उंचीचा एक तृतीयांश भाग कापावा, उरलेला दोन दिवसांनी. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, बाऊलमधले पेट्रोल संपून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे. कोरड्या जेटमध्ये चिकट थर धरायला काही उरत नाही.