बावन्न परिचारिका, पंधराशे पत्रे

महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना जोतीरावांनी ते अर्पण केले आहे. गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी ही गोष्ट सांगितली, तेव्हा माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली; पण पुढे त्या माणसांच्या लेकीबाळींचे काय झाले? कायदा झाला म्हणजे दारे आपोआप उघडली का? तास संपल्यावर सरांना विचारले, तर ते म्हणाले, “तूच शोध आणि वार्षिकांकासाठी लिही.” माझी मावशी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. म्हणून मी माझा शोध परिचारिकांपासून सुरू केला. त्यातून न्यूयॉर्कच्या एका लहानशा संघाची जी हकिगत हाती आली, ती या लेखात सांगणार आहे.

सुरुवात मेरी एलायझा महोनी या बाईंपासून करावी लागते. बोस्टन शहरातील एका इस्पितळात त्या अनेक वर्षे स्वयंपाक, धुणे आणि साफसफाई अशी कामे करीत होत्या. १८७८ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्याच इस्पितळाच्या परिचारिका विद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. त्यांच्या तुकडीत ४२ जणी होत्या असे सांगतात. अभ्यासक्रम पुरा करू शकल्या फक्त चौघी. महोनीबाई त्यांपैकी एक होत्या. १८७९ साली त्या अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका ठरल्या.

पहिली व्यक्ती पुढे गेली की आपण टाळ्या वाजवतो आणि प्रश्न सुटला असे समजतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. महोनीबाईंच्या यशानंतर जवळजवळ तीस वर्षे लोटली, तरी बहुतेक परिचारिका विद्यालयांत कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश नव्हता. काही ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळी विद्यालये निघाली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील लिंकन इस्पितळाचे विद्यालय हे त्यांपैकी एक. ते १८९८ साली सुरू झाले. तेथे शिकणाऱ्या मुली कृष्णवर्णीय होत्या, पण डॉक्टर व अधिकारी गोरे होते.

या विद्यालयातून १९०५ साली उत्तीर्ण झालेल्या एडा बेल थॉम्स यांची गोष्ट पाहिली म्हणजे त्या काळची रीत कळते. १९०६ पासून १९२३ पर्यंत त्या तेथे साहाय्यक अधीक्षिका होत्या. मधल्या काळात अनेकदा अधीक्षिकेचे सगळे काम त्यांनीच पाहिले. परंतु अधीक्षिका हे पद मात्र त्यांना कधीही देण्यात आले नाही. काम चालत होते, वर्ण चालत नव्हता!

याच थॉम्सबाई लिंकन विद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी संघाच्या अध्यक्षा होत्या. माजी विद्यार्थी संघ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वर्षातून एकदा होणारा स्नेहमेळावा आणि चहापान येते. परंतु या संघाने जे केले, ते चहापानापेक्षा फार मोठे होते.

त्या सुमारास कनेक्टिकट राज्यातील मार्था फ्रँकलिन ही परिचारिका एकटीच एक उद्योग करीत होती. १८९७ साली फिलाडेल्फियाच्या विद्यालयातून ती उत्तीर्ण झाली, तेव्हा तिच्या वर्गात ती एकटीच कृष्णवर्णीय होती. आपल्यासारख्या इतर परिचारिका कोठे आहेत, त्यांना काय अडचणी येतात, हे जाणून घ्यावे म्हणून तिने देशभर पत्रे पाठवली. ती पत्रे हाताने लिहिलेली होती आणि त्यांची संख्या होती सुमारे १५००! आपल्याला परीक्षेत तीन पुरवण्या लिहिल्या तरी हात दुखतो. दिवसभर रुग्णसेवा करून या बाईने पंधराशे पत्रे कशी लिहिली असतील, याचे मला राहून राहून नवल वाटते.

उत्तरे आली. सर्वांनी एकदा भेटावे असे ठरले. पण भेटायचे कोठे? तेव्हा थॉम्सबाई आणि लिंकनचा माजी विद्यार्थिनी संघ पुढे आला आणि त्यांनी यजमानपद स्वीकारले. ऑगस्ट १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये ५२ परिचारिका जमल्या. त्यांतील २६ जणी संस्थापक सदस्य झाल्या आणि ‘नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड ग्रॅज्युएट नर्सेस’ या संघटनेचा जन्म झाला. अध्यक्षा म्हणून फ्रँकलिनबाईंची निवड झाली. पुढच्याच वर्षी बोस्टनला पहिले वार्षिक अधिवेशन भरले. त्यात स्वागताचे भाषण महोनीबाईंनी केले. आयुष्यभर एकट्या चाललेल्या त्या वृद्ध बाईला समोर बसलेल्या तरुण परिचारिका पाहून काय वाटले असेल!

या संघटनेने नेमके काय केले, हे समजण्यासाठी त्या काळची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. इस्पितळातील कामे तेव्हा बहुतांशी शिकाऊ मुलींकडून करून घेत. उत्तीर्ण परिचारिकेला घरोघरी जाऊन रुग्णाची शुश्रूषा करावी लागे. असे काम मिळण्यासाठी परिचारिकांच्या नावांची नोंद ठेवणारी कार्यालये असत. त्यांच्या यादीत कृष्णवर्णीय परिचारिकेला सहसा जागा नसे, आणि काम मिळालेच तर मोबदला कमी मिळे. १९०३ पासून निरनिराळ्या राज्यांनी परिचारिकांच्या नोंदणीचे कायदे करण्यास सुरुवात केली. राज्याची परीक्षा दिली की ‘नोंदणीकृत परिचारिका’ असे नावापुढे लावता येई. दक्षिणेकडील काही राज्यांत कृष्णवर्णीय मुलींना ही परीक्षाच देता येत नसे. राज्याच्या परिचारिका संघातही तेथे त्यांना घेत नसत. राज्याच्या संघात नाही म्हणून राष्ट्रीय संघात नाही, राष्ट्रीय संघात नाही म्हणून रेडक्रॉसमध्ये नाही, आणि रेडक्रॉसमध्ये नाही म्हणून सैन्याच्या इस्पितळात नाही. अशी ही साखळी होती. कोणीही तोंडावर “तू नको” असे म्हणण्याची गरज नव्हती. फक्त “तुमचे अमुक प्रमाणपत्र कोठे आहे?” एवढे विचारले की काम भागत असे.

संघटनेने ही साखळी कडीकडीने तोडण्याचे ठरवले. आपल्या परिचारिकांची नोंद ठेवून त्यांना काम मिळवून देणे, विद्यालयांच्या शिक्षणाचा दर्जा वाढावा म्हणून आग्रह धरणे आणि राज्याच्या परीक्षा सर्वांना सारख्याच असाव्यात यासाठी झगडणे, ही तिची मुख्य कामे. “आम्हांला सोपी परीक्षा द्या” असे त्यांनी म्हटले नाही. “तीच परीक्षा द्या” असे म्हटले. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. जॉर्जिया राज्यात लुडी अँड्र्यूज या परिचारिकेने १९०९ पासून हा लढा दिला. तो १९२० साली यशस्वी झाला. म्हणजे एका परीक्षेला बसण्याच्या हक्कासाठी दहा वर्षांहून अधिक काळ गेला!

पहिल्या महायुद्धात संघटनेची खरी कसोटी लागली. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली. थॉम्सबाई त्या वेळी संघटनेच्या अध्यक्षा होत्या. त्यांनी आपल्या परिचारिकांना रेडक्रॉसकडे नावे नोंदवण्यास सांगितले आणि त्यांना घेतले जावे म्हणून सतत पत्रव्यवहार केला. जुलै १९१८ मध्ये फ्रान्सिस रीड एलियट हिची रेडक्रॉसमध्ये पहिली नोंद झाली. पण तिच्या बिल्ल्यावर ‘१ ए’ असा आकडा होता. ‘ए’ हे अक्षर ती कृष्णवर्णीय असल्याची खूण! दार उघडले, पण उंबऱ्यावर रेघ ओढूनच. ही खुणेची पद्धत १९४९ पर्यंत चालू होती.

सैन्याने मात्र या परिचारिकांना युद्ध संपेपर्यंत बोलावले नाही. पुढे इन्फ्लुएंझाच्या साथीने कहर केला, तेव्हा त्यांची आठवण झाली. डिसेंबर १९१८ मध्ये १८ जणींना ओहायो व इलिनॉय राज्यांतील दोन लष्करी छावण्यांत पाठवण्यात आले. तेथे त्यांनी गोऱ्या आणि काळ्या दोन्ही सैनिकांची शुश्रूषा केली; त्यांची राहण्याची व्यवस्था मात्र वेगळी होती. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवणारा हात चालतो, पण तोच हात शेजारच्या खोलीचे दार लावणारा चालत नाही. हे वाचताना मला अमेरिका फार दूरची वाटली नाही.

पुढची हकिगत थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात मेबल स्टॉपर्स यांनी संघटनेची धुरा वाहिली. जानेवारी १९४५ मध्ये सैन्याने आणि नौदलाने वर्णभेद न करता परिचारिका घेण्याचे मान्य केले. १९४८ साली अमेरिकन परिचारिका संघाने दक्षिणेतील बंद दारे टाळून थेट सभासद होण्याची सोय केली. आणि १९५१ साली या संघटनेने स्वतःचे विसर्जन केले. ज्यासाठी संघटना काढली ते दार उघडले, म्हणून ती आपणहून थांबली. आपल्याकडे संस्था फुटतात, बंद पडतात, खुर्चीसाठी भांडतात. कार्य झाले म्हणून निरोप घेणारी संस्था क्वचितच पाहायला मिळते.

या सर्व हकिगतीतून मला एक गोष्ट कळली. पहिली येणे हा एका व्यक्तीचा पराक्रम असतो; दुसरी, तिसरी आणि शंभरावी यावी, यासाठी संघटना लागते. आणि संघटनेचे काम बरेचसे कंटाळवाणे असते. पत्रे लिहायची, याद्या करायच्या, अर्ज पाठवायचे, नकार आला की पुन्हा अर्ज पाठवायचा.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन मी एका कार्यालयाच्या खिडकीवरून तीन वेळा परत आले. दर वेळी एखादा दाखला कमी असे, आणि तो कोणता हे आधी कोणी सांगत नसे. घरी विचारावे तर घरच्यांनाही ठाऊक नाही. शेवटी वसतिगृहातल्या एका ताईने माझ्याजवळ बसून सगळा अर्ज भरून घेतला आणि लागणाऱ्या दाखल्यांची यादी एका कागदावर लिहून दिली. तो कागद मी जपून ठेवला आहे. यंदा प्रथम वर्षाच्या चार मुलींनी त्यावरून आपापली यादी उतरवून घेतली.

मार्था फ्रँकलिनच्या पंधराशे पत्रांपुढे हा एक कागद म्हणजे काहीच नाही. पण आपल्या महाविद्यालयातही माजी विद्यार्थी आहेत, आणि उद्या आपणही माजी होणार आहोत. स्नेहमेळाव्याच्या दिवशी चहा घेता घेता अशी एखादी यादी करायला बसलो, तर पुढच्या वर्षी खिडकीवरून परत जाणारी मुलगी एक तरी कमी होईल, असे मला वाटते.