कपाशीची बोंडअळी आणि शेतातील मोजणी

गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की तिचे प्रवेशाचे छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून निरोगीच दिसते. २०१७ साली मराठवाड्यात व विदर्भात तिने कपाशीचे अतोनात नुकसान केले. अनेकांना त्याची कल्पना आली ती बोंडे उमलू लागल्यावर. पैठण, गंगापूर, सिल्लोडकडील कापूस उत्पादकांस हे निराळे सांगावयास नको. न दिसणारी कीड मोजूनच ओळखावी लागते.

अशा मोजणीची व्यवस्था राज्यात आहे. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून कृषी विभागाने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच ‘क्रॉपसॅप’, हाती घेतला. निवडलेल्या शेतांतील किडींची मोजणी संगणकावर जाते व कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ तीवरून सल्ला देतात. मंडळवार ‘महावेध’ केंद्रे पाऊस, तपमान व आर्द्रता नोंदवितात. ‘बिग डेटा’ म्हणतात तो अशाच असंख्य नोंदींचा साठा होय. एका शेताचा आकडा त्या शेतापुरताच बोलतो. हजारो आकडे जोडले म्हणजे कीड कोठे वाढत आहे हे कळते.

मात्र बांधावर उभे राहून अंदाजाने लिहिलेले शून्य हे कोऱ्या रकान्याहून घातक असते. कोरा रकाना निदान कोरा दिसतो; खोटे शून्य हिशेबात धरले जाते आणि सल्ला लांबतो. उलट फुगविलेल्या आकड्याने नाहक फवारणी होते, पैसा जातो, मित्रकीटक मरतात. सापळ्यातील गंधगोळी जुनी झाली तरीही शून्यच येते! ती मुदतीत बदलावी.

कामगंध सापळे पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी, एकरी २ लावावेत. पतंग मोजून झाल्यावर सापळा रिकामा करावा. एका सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळले, अथवा निरनिराळ्या झाडांवरील २० हिरवी बोंडे फोडून २ बोंडांत अळी दिसली, तर नुकसानीची आर्थिक पातळी गाठली असे समजून उपाय योजावेत.

मोबाईलवर संदेश आला नाही म्हणून शेतकऱ्याने स्वस्थ बसू नये. मंडळात अनेक गावे असतात आणि निवडलेली शेते थोडी. आपल्या शेतातील २० बोंडे दर आठवड्यास आपणच फोडून पाहावीत व अळी दिसताच गावच्या कृषी कर्मचाऱ्यास त्याच दिवशी कळवावे.